नेदा बाईंची रोजची चूक

दाफिनाला गणित येत नव्हतं. आठवीनंतर तिने शाळा सोडली ती सोडलीच, पुन्हा शाळेत आली ती एकदम फरशी पुसायला आणि शेगड्या पेटवायला. दोल्ना क्रेमेना गावच्या शाळेत ती एकोणीस वर्षं तेच करत होती. आणि तिची धाकटी बहीण नेदा त्याच शाळेत पाचवी ते सातवीला गणित शिकवायची. एकीच्या हातात खडू, दुसरीच्या हातात पोछा. गावात कोणी हसलं की दाफिना म्हणायची, "ती घाण करते, मी पुसते. घरी पण असंच आहे."

पण गणित येत नसलं तरी वर्गात काय चाललंय ते तिला दाराबाहेरून कळायचं. कारण तासात कधीतरी एक पोर ओरडायचं, "सापडली, बाई." मग सगळे हसायचे, आणि डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज यायचा. तो आवाज आला की दाफिना बादली उचलून पुढच्या खोलीकडे जायची. म्हणजे तिथलं काम झालं, असं.

तर ते असं होतं. नेदा रोज प्रत्येक तासाला फळ्यावर एक चूक मुद्दाम लिहायची. सांगायची नाही कुठे. पोरांनी शोधायची. जो धरेल त्याला डब्यातलं एक वाळवलेलं आलुबुखार. आलुबुखार वाळवायचं काम दाफिनाचं, सप्टेंबरात दोन मोठ्या चाळण्या भरून. आणि घंटा व्हायच्या आत नेदा सांगायची, आजची माझी चूक अमुक ओळीत होती. पोरांनी जर दुसरीच धरली असेल, म्हणजे ती जी तिने ठेवलीच नव्हती, खरीखुरी चुकली होती, तर ती हजेरीवही उघडायची. त्या वहीत पोरांच्या नावांखाली शेवटच्या ओळीत तिचं स्वतःचं नाव होतं. त्या नावापुढे ती स्वतःला दोन द्यायची. आमच्याकडे सहा म्हणजे सगळ्यात वरचे मार्क आणि दोन म्हणजे नापास. वर्षाकाठी असे दोनचे आकडे तीन-चार पडायचे, फार तर पाच. पोरं ते गावभर सांगायची, "आज बाई नापास झाल्या."

हे तिने स्वतः काढलेलं नव्हतं. हे गुदेव मास्तरांचं.

गुदेव मास्तरांच्या आधी तोतेवा होती, तिचं पण सांगायला पाहिजे. तेव्हा कम्युनिस्टांचं राज्य, बाई म्हणायची सोय नव्हती, कॉम्रेड म्हणायचं. कॉम्रेड तोतेवा उंच, केस ताणून बांधलेले, कपड्यांवर खडूचा एक कण नाही. कशी ठेवायची कोण जाणे. ती कधी चुकायची नाही आणि दुसरा चुकला की ती रागवायची पण नाही, नुसतं हळू आवाजात म्हणायची, "पूस. सगळं पूस. आता काय राहिलं फळ्यावर? काही नाही. तुझ्या डोक्यात पण तेवढंच आहे." दाफिनाला ती तीन वर्षं होती. तिसऱ्या वर्षी दाफिना फळ्याजवळ गेली की तिच्या पोटात कळ यायची, खरी कळ, डॉक्टरकडे नेलं होतं तिला. आठवी झाली आणि ती शिवणकामाच्या कारखान्यात गेली. तिथे कोणी फळ्याजवळ बोलवत नव्हतं.

नेदा पाच वर्षांनी लहान. ती पाचवीत गेली आणि दुसऱ्याच महिन्यात तोतेवाने फळ्यावर एक चिन्ह चुकीचं लिहिलं. एकदाच चुकली असेल ती बाई आयुष्यात, आणि नेमकं नेदाने बघितलं. आमच्या नेदाने हात वर केला. तोतेवाने फळ्यावर खडूने एक गोल काढला, कपबशीतल्या बशीएवढा, नेदाच्या नाकाच्या उंचीवर. म्हणाली, "नाक इथे ठेव. घंटा होईपर्यंत." आणि चूक पुसून बरोबर लिहून पुढे शिकवायला लागली, जसं काही तसंच लिहिलं होतं. नेदा घरी आली तेव्हा नाकाला खडू होता. आईने विचारलं तर म्हणाली, शिंक आली होती. दाफिनाला मात्र तिने खरं सांगितलं, आणि दाफिनाने तिला काय सांगितलं? "परत हात वर करू नकोस." मोठ्या बहिणीने अजून काय सांगायचं. तिला तेवढंच येत होतं.

वर्षभर नेदाने हात वर केला नाही. मग तोतेवाची शहरात बदली झाली आणि तिच्या जागी हाराल्यांपी गुदेव आले. हे मास्तर म्हणजे सगळा अवतार, त्यांना कॉम्रेड कोणी म्हटलंच नाही. कोटाच्या बाह्या खडूने पांढऱ्या, खिशात आलुबुखारं, ती पण खडूने पांढरी. पहिल्याच दिवशी त्यांनी फळ्यावर कुंपण काढलं. म्हणाले, दहा मीटर कुंपण, दर मीटरला एक खांब, तर खांब किती? आणि स्वतःच खाली लिहिलं, दहा. आणि खुर्चीत बसून खिडकीबाहेर बघायला लागले. पोरं गप्प. तोतेवाने तयार केलेली पोरं ती, कोण बोलणार. मास्तर पाच मिनिटं बसले. मग म्हणाले, "मेंढ्या पण कुंपण बघून काहीतरी बोलतात रे." तरी कोणी हसलं नाही.

असं तीन आठवडे चाललं. रोज एक चूक, रोज सगळे गप्प, आणि मास्तर रोज घंटा व्हायच्या आत स्वतःच सांगायचे. चौथ्या आठवड्यात नेदाला एक चूक दिसली. तिला वाटलं ही आजची. तिने हात वर केला नाही, नुसता बाकावरून चार बोटं उचलला. मास्तर म्हणाले, "तो हात आहे का माशी हाकलतेस?" नेदा म्हणाली, तिसऱ्या ओळीत, मास्तर. ते फळ्याजवळ गेले, नाक लावून बघितलं, आणि हातात खडू घेतला. नेदाला वाटलं आता गोल काढणार. तर मास्तर वळले आणि म्हणाले, "आजची मी ठेवलेली सातव्या ओळीत आहे. ही मी ठेवली नव्हती. ही माझी आहे." मग त्यांनी वही काढली, पोरांच्या नावांखाली चोविसावं नाव लिहिलं, गुदेव हाराल्यांपी, आणि पुढे दोन. आणि नेदाला आलुबुखार.

त्या आलुबुखाराची बी नेदाने शेवटपर्यंत ठेवली. काचेच्या छोट्या बाटलीत, शिवणाच्या सुया ठेवायच्या बाटलीत. दाफिना म्हणायची, फेकून दे ते, किडे होतील. पस्तीस-छत्तीस वर्षांत काही झाले नाहीत.

त्या दिवशी घरी येऊन ती म्हणाली, मी मास्तरीण होणार. पुढे झाली पण. आणि एकच ठरवलं, पोरांना चूक धरायला शिकवायचं, माझी पण. ती म्हणायची, "ताई, बरोबर उत्तर काय, पुस्तकाच्या मागे पण असतं. फळ्याजवळच्या माणसाला तू चुकलास म्हणायला पोराला एकदा जमलं, की त्याला कोणी फसवत नाही." दाफिना म्हणायची, "आणि नोकरी पण कोणी देत नाही."

खांबांचं तिने दाफिनाला किती वेळा समजावलं त्याला गणती नाही. मिरच्या भाजून सोलायला बसल्या की नेदा ओट्यावर मिरच्यांची रांग लावायची. "हे खांब, ही मधली जागा. तुला जागा मोजायची का खांब, ते आधी ठरव."

"मला मिरच्या सोलायच्यात."

"अकरा खांब, ताई, दहा जागा."

"आणि खाणाऱ्या दोन. सोल."

दाफिना नेहमी खांबच मोजायची. डोळ्याला खांब दिसतात, जागा कुठे दिसते.

असे दिवस होते. दाफिनाचा नवरा स्पेनला संत्री तोडायला गेला तो तिथेच दुसरं घर करून राहिला, नेदाने लग्न केलं नाही, दोघी आई-वडिलांच्या घरात राहायच्या. बरं चाललं होतं, म्हणजे तक्रार करण्यासारखं काही नव्हतं.

शेवटच्या वर्षी सातवीत अकरा पोरं होती. सातवीनंतर जूनमध्ये मोठी परीक्षा असते, त्या मार्कांवर जिल्ह्याच्या शाळेत जागा मिळते, नाहीतर मग इथेच कुठेतरी. नेदाचा त्या वर्गावर फार जीव होता. रालित्सा नावाची मुलगी होती, पोस्टमनची, बारीकशी, चूक धरण्यात पहिली. आणि दान्चो, जाडा, हुशार पण आळशी, तो रालित्साचं बघून मग ओरडायचा. नेदा म्हणायची, या दोघांना जिल्ह्याला पाठवलं की मी मोकळी.

त्या हिवाळ्यात आलुबुखारं लवकर संपायला लागली. दर वर्षी डबा मार्चपर्यंत पुरायचा. त्या वर्षी दाफिनाने नाताळात भरून दिला आणि जानेवारीच्या मध्यावर नेदाने रिकामा आणून ठेवला.

"खातेस काय तू स्वतः?" दाफिनाने विचारलं.

"पोरं धरतायत," नेदा म्हणाली.

आणि खरंच होतं ते. दाराबाहेर दाफिनाला ऐकू यायचं, एका तासात दोनदा सापडली, तीनदा सापडली. हसणं पण जास्त. दाफिनाला आनंद झाला हो. तिला वाटलं, काय हुशार निघाला हा वर्ग. ती शेगडीत लाकूड सारता सारता दान्चोला म्हणाली, "तुम्ही माझी झाडं खाऊन टाकाल आता." दान्चो म्हणाला, "मावशी, बाई हल्ली तीन-तीन ठेवतात. परीक्षा आली ना, म्हणून." सगळ्यांना तसंच वाटत होतं. नेदाच सांगायची त्यांना घंटेच्या आधी, आज मी तीन ठेवल्या होत्या.

ती खोटं बोलत होती. एकच ठेवायची ती, बाकीच्या तिच्या होत्या. पण हे दाराबाहेर कसं कळणार, आणि ते पण दाफिनाला. कोणती चूक ठेवलेली आणि कोणती झालेली, हे ओळखायला गणित यायला लागतं. एकोणीस वर्षं ती त्या दाराशी उभी होती आणि नेमकं त्या वर्षी कानावर पडत असून काही समजलं नाही. दाफिनाला तेच खातं अजून.

घरी दिसत होतं तसं. नेदाने घेवड्याच्या रश्श्यात दोनदा मीठ घातलं. डाव्या हातातून कप सुटला. एकदा ती आपल्याच फाटकाशी किल्ली घेऊन उभी राहिली आणि कडी कुठल्या बाजूला ते तिला सुचेना, दाफिनाने खिडकीतून बघितलं. डोकं दुखतं म्हणायची, सकाळी उलटी व्हायची. दाफिना म्हणाली, डॉक्टरकडे चल. नेदा म्हणाली, जूनमध्ये.

"जून कशाला?"

"आता गेले तर ते मला घरी बसवतील. या अकरांना कोण घेणार? शहरातून कोणीतरी येईल आठवड्यातून दोनदा."

"येऊ दे ना."

"ताई, तू फरशी पूस, मी शिकवते."

असं ती कधी बोलली नव्हती. दाफिनाने परत विषय काढला नाही. ती मोठी होती पण शिकलेली नेदा होती, आणि घरात शिकलेल्याचं चालतं. हाताला धरून ओढून न्यायला पाहिजे होतं, असं आता सगळे म्हणतात. सांगणाऱ्यांचं काय जातं. पन्नाशीला आलेल्या बाईला हाताला धरून कोण नेतं.

मार्चमधली गोष्ट. दाफिना सातवीच्या दाराशी फरशी पुसत होती. आतून रालित्साचा आवाज आला, "सापडली, बाई. कंस सोडवताना वजा राहिला." डब्याचा आवाज. थोड्या वेळाने परत, "बाई, इथे पण." मग परत. पाचव्या वेळी रालित्सा म्हणाली, "बाई, ही पण आहे ना तुमची ठेवलेली?" तिने सरळ मनाने विचारलं असेल, लहान पोर ती. पण म्हणजे तिला शंका आली होती.

मग नेदाचा आवाज आला, पण तो नेदाचा नव्हता, हळू आणि सपाट. दाफिनाच्या पोटात ती जुनी कळ आली, चाळीस वर्षांपूर्वीची, आधी कळ आली आणि मग आवाज कोणाचा ते आठवलं.

"ये इथे. नाक इथे ठेव. घंटा होईपर्यंत."

दाफिनाने दाराच्या काचेतून बघितलं. फळ्यावर बशीएवढा गोल होता आणि रालित्सा त्यात नाक लावून उभी होती. बाकीची दहा पोरं वहीत बघत होती. दाफिनाने दार उघडायला पाहिजे होतं. तिच्या हातात पोछा होता आणि ती हलली नाही. परत आठवीतलीच झाली ती.

घरी नेदा ओट्याशी बसली, कोट पण काढला नाही. म्हणाली, "ताई, माझ्या तोंडातून आज तोतेवा बोलली."

"दमलीस तू."

"मला वाटलं होतं मी गुदेव मास्तरांची आहे. सगळी त्यांचीच. ती बाई पण बसलेली होती आत कुठेतरी, इतकी वर्षं, काही न बोलता." मग म्हणाली, "उद्या मी माफी मागते. पोरांनी परत धरायला पाहिजे, ताई. परीक्षेचं मी बघून घेईन, पण ती गप्प बसली तर मग मी काय केलं सव्वीस वर्षं?"

दाफिना शेजारणीकडून आलुबुखारं मागून आणायला गेली. दुसरं काय करणार.

दुसऱ्या दिवशी नेदाने वर्गासमोर माफी मागितली. दाफिना दाराशीच होती. नेदा म्हणाली, रालित्सा, काल चूक माझी होती आणि नाक तुझं लावलं. कोणी हसलं नाही. मग तिने शिकवायला सुरुवात केली. घंटा झाली, सापडली कोणी म्हणालं नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशी पण नाही. आठवडा गेला. नेदा घरी येऊन सांगायची, मी मुद्दाम मोठ्या मोठ्या ठेवते, सात आठे चोपन्न लिहिलं आज, दुसरीतलं पोर धरेल, सगळे खाली बघून वहीत लिहितात. "कोणाला येत नाही म्हणतेस की काय?" दाफिना म्हणाली. नेदा म्हणाली, "भितात मला." आणि डबा भरलेलाच परत आणायची.

दाफिनाने दान्चोला मधल्या सुट्टीत गाठलं. "काय रे, बाईंच्या चुका दिसत नाहीत का तुम्हाला आता?"

दान्चो स्वतःच्या बुटांकडे बघत होता. म्हणाला, "नाही मावशी. बाई हल्ली चुकतच नाहीत."

हे दाफिनाने घरी सांगितलं नाही.

एप्रिलमध्ये ईस्टरच्या आधी नेदा फळ्याजवळच पडली. तिला सोफियाला, राजधानीतल्या दवाखान्यात नेलं. डोक्यात गाठ होती, ऑपरेशन करण्याच्या पलीकडे गेलेली. तरुण डॉक्टर होता, चांगला होता, त्याने दाफिनाला चित्र दाखवून समजावलं. दाफिनाने मान हलवली, तिला त्यातलं काही कळलं नाही, पांढरा डाग तेवढा दिसला. तिने एकच विचारलं, नाताळात आणलं असतं तर? डॉक्टर म्हणाला, सांगता येत नाही. तेवढंच त्याने सांगितलं.

सातवीला शहरातून एक तरुण मास्तर यायला लागला, आठवड्यातून दोनदा. नीटनेटका, फळ्यावर सगळं बरोबर लिहायचा. दाफिना रजा घेऊन सोफियाला जायची बसने, आणि नेदा दर वेळी एकच विचारायची. आधी नीट वाक्यात, मग तुटक, मग नुसतं, "धरली?" दाफिना पहिल्यांदा म्हणाली, हो, धरली. नेदाने विचारलं, काय धरली? आता दाफिना काय सांगणार. तिला खोटं सांगायला पण गणित येत नव्हतं. तिने पांघरूण नीट केलं. त्यानंतर नेदाने विचारलं की ती म्हणायची, उद्या विचारते पोरांना.

जूनमध्ये परीक्षा झाली. रालित्सा आणि दान्चो दोघं जिल्ह्याला लागले. दाफिनाने नेदाच्या कानाशी सांगितलं. नेदाला समजलं की नाही, कोण सांगणार. नऊ जुलैला ती गेली.

आमच्याकडे माणूस गेलं की छापील कागद लावतात, फोटो, नाव, साल, वय, आणि दोन ओळी. घराच्या दाराला, विजेच्या खांबांना, बेकरीशी, बसथांब्याला. छपाईच्या दुकानातल्या बाईने विचारलं, किती वर्षांची होती? दाफिनाने आदल्या दिवशी घेवड्याचे दाणे घेऊन मोजलं होतं, चुकायला नको म्हणून. नेदाच्या जन्माचा, चौऱ्याहत्तर सालचा एक दाणा, पंचाहत्तरचा एक, असं करत दोन हजार तेवीसपर्यंत. दोनदा मोजलं. पन्नास. तसं छापलं. गणिताच्या बाई, वय वर्षं पन्नास, आम्हाला सोडून गेल्या. तीस कागद.

ते कागद चाळीस दिवस गावात होते. सगळ्यांनी वाचले, थांबून, टोपी काढून वाचले. कोणी काही बोललं नाही.

त्या दिवसांत दाफिनाने नेदाची हजेरीवही काढली. बीजगणित वगैरे तिला कळायचं नाही, पण आकडे येत होते. शेवटची ओळ. सप्टेंबरात काही नाही. ऑक्टोबरात दोनचा आकडा एकदा. नोव्हेंबरात तीनदा. मग जानेवारीपासून नुसते दोन, दोन, दोन, चौकटी संपल्या तर बाहेर कडेला वाकडेतिकडे लिहिलेले. पोरांना तिने खोटं सांगितलं, पण गुदेव मास्तरांना नाही सांगता आलं. ती वही रोज घरी यायची, दाफिनाच्या ओट्यावर पडलेली असायची. दाफिनाने तिच्यावर गरम पातेलं पण ठेवलंय कितीदा. वहीच्या पुठ्ठ्यावर गोल आहेत अजून.

चाळिसाव्या दिवशी गेलेल्या माणसाची परत आठवण करतात, त्याचे नवे कागद आले, तोच फोटो, तोच मजकूर. दाफिनाने सकाळी लावले, मग साखर घातलेला उकडलेला गहू केला आणि फाटकाशी उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला द्यायला लागली. रालित्सा आणि दान्चो आले. दान्चोने गहू घेतला. रालित्साने घेतला नाही, ती फाटकावरच्या कागदाकडे बघत होती. मग तिने हात वर केला, म्हणजे अगदी थोडा, कमरेएवढा.

"मावशी," ती म्हणाली, "तुम्ही खांब मोजलेत."

दाफिनाला कळलंच नाही आधी.

"जागा मोजायच्या असतात. बाईंचा वाढदिवस मार्चमधला, म्हणजे मार्च चौऱ्याहत्तर ते मार्च पंचाहत्तर एक जागा. बाई एकोणपन्नास वर्षांच्या होत्या. पन्नास पुढच्या मार्चला झाली असती."

दान्चो तिला कोपर मारत होता, गप्प बस म्हणून. दाफिनाने वळून कागद परत वाचला. चाळीस दिवस आख्खं गाव गप्प होतं. तिने विचारलं, "तेव्हा का नाही बोललीस? तेव्हा, वर्गात? ती वाट बघत होती तुमची. तिला वाटलं तुम्ही भिता तिला."

"भीत नव्हतो," रालित्सा म्हणाली. "आम्हाला दिसत होत्या. सगळ्यांना. आम्ही वहीत बरोबर करून लिहायचो. मधल्या सुट्टीत जुळवून बघायचो, किती झाल्या ते. एका दिवशी चौदा होत्या." तिने नाक पुसलं. "एवढ्या कोणी मुद्दाम ठेवत नाही, मावशी. कळलं होतं आम्हाला. मग बोलायचं कसं?"

"बाईंनी वह्या बघितल्या असत्या तर त्यांना दिसलं असतं," दान्चो म्हणाला. "आम्ही रोज वाटच बघायचो, आज वह्या मागतील. मागितल्याच नाहीत."

म्हणजे धरत होती पोरं. रोज धरत होती, सगळी. दवाखान्यात ती रोज विचारत होती आणि उत्तर अकरा वह्यांत पडलेलं होतं, दोल्ना क्रेमेनाला, आणि दाफिना त्या वह्यांखालची फरशी पुसत होती. आता हे कोणाला जाऊन सांगायचं? दाफिनाने घराकडे वळून बघितलं, जसं काही आत कोणी आहे.

मग तिला आठवलं की रालित्साला काहीतरी द्यायला पाहिजे. डबा रिकामा होता. झाडावरची आलुबुखारं अजून कडक होती, पिकायला महिना होता त्यांना. तिने गव्हाची वाटी परत पुढे केली, आणि या वेळी रालित्साने घेतली, तिथेच उभ्याने खाल्ली. खाऊन झाल्यावर खिशातून पेन काढलं आणि विचारलं, "करू?"

दाफिना म्हणाली, कर.

मग तिघं गावभर फिरली. बेकरी, खांब, चर्चचं दार, शाळेचं फाटक. रालित्सा पन्नासवर काट मारून वर एकोणपन्नास लिहायची, दान्चो कागद सपाट धरायचा. लोक बघत होते. म्हाताऱ्या स्तामेनने बाकावरून विचारलं, "काय करताय रे मेलेल्या बाईच्या कागदाला?" दान्चो म्हणाला, "चूक होती, आजोबा." स्तामेन म्हणाला, "माहीत आहे मला. मी पहिल्या दिवशीच बघितली." आणि मग तोच ओशाळला, काठीने माती उकरायला लागला.

एकोणतीस झाले. तिसावा म्हणजे जुलैतलाच जुना कागद, तो बसथांब्यावरच्या काचेच्या पेटीत आहे, तिला कुलूप असतं. किल्ली ग्रामपंचायतीच्या माणसाकडे आणि तो बायकापोरांना घेऊन समुद्रावर गेलेला. रालित्साने काचेवरून पेन टेकवून बघितलं, काचेवर काय उठणार. म्हणाली, मावशी, तो आला की मी येते. पण सप्टेंबरात तीच जिल्ह्याला गेली, वसतिगृहात राहते.

दाफिना रोज सकाळी शेगड्या पेटवायला त्याच रस्त्याने जाते. अजून तिथे पन्नासच आहे. तो माणूस समुद्रावरून आलाय, तिने दोनदा सांगितलं त्याला. तो म्हणतो, किल्ली सापडत नाही, दाफिना.